शेलला वळण लावण्याचा उद्योग

संगणकाने माणसाशी कसं बोलावं, हा प्रश्न जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात माझ्याआधी कुणाला पडला नव्हता. माझ्यानंतरही कुणाला पडू नये, एवढ्यासाठी हे लिहायला बसलोय.

आमच्या वॉर्डाच्या मालकीचं एक सभागृह आहे. चांगलं ऐसपैस, सागवानी खांबांचं, चारी बाजूंनी मोकळं. लग्नं, सुंता, निवृत्तीचे निरोप, सगळं तिथेच होतं. त्याच्या नोंदणीची एक वेबसाइट आहे आणि तिची देखभाल माझ्याकडे आहे. लोकांना वेबसाइट दिसते ती बाहेरून. आम्हा देखभालवाल्यांना तिच्या पोटात शिरावं लागतं आणि त्यासाठी असतो शेल. शेल म्हणजे एक काळी खिडकी. आपण एक ओळ लिहायची, तिने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. एवढाच संसार.

पण उत्तर काय देते! एक कंस राहिला की लाल अक्षरांत तोंडावर ओळींचा भडिमार. ‘सापडत नाही.’ ‘कळत नाही.’ ‘चालणार नाही.’ आता तुम्हीच बघा, आम्ही सोलोची माणसं. ‘नाही’ हा शब्द आमच्या शब्दकोशात आहे, तोंडात नाही. दारावर पापडवाला आला तरी आम्ही त्याला ‘नको’ म्हणत नाही. ‘उद्या बघू हं’ म्हणतो, आणि तो बिचारा समजून पुढच्या दाराला जातो. वाट दाखवायची तर बोट न रोखता अंगठा पुढे करतो, कारण रोखलेलं बोट उद्धट दिसतं. अशा गावात, अशा वयात, एका खिडकीने मला दिवसभर ‘नाही, नाही’ म्हणावं?

“बापाक, आज पुन्हा कोण बोललं तुम्हांला?” संध्याकाळी माझा चेहरा पाहून बायको विचारायची. तिचं नाव रेत्नो. आमच्यात मुलं बापाला बापाक म्हणतात आणि मुलांची आईही तेच म्हणते. राग असला की फक्त शेवटचा ‘क’ जरा जोरात आपटते.

“शेल बोलला.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार? माफी मागितली.”

ही गोष्ट पाक मार्सुदींच्या कानावर गेली. पाक मार्सुदी आमचे गल्लीप्रमुख; ‘पाक’ हे त्याच बापाकचं आखूड रूप, मोठ्या माणसाला मान म्हणून लावायचं. गल्लीतली कुठलीही गोष्ट त्यांच्या कानावर जातेच, कारण त्यांच्या व्हरांड्यात टांगलेल्या पिंजऱ्यांतले शामा पक्षी गात असले तरी त्यांचा स्वतःचा कान रस्त्याकडे असतो. ते येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, खिडकीतली लाल अक्षरं पाहिली आणि आजारी माणसाच्या खाटेपाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, “पाक विदग्दो, याच्यावर कुणी संस्कार केलेले दिसत नाहीत.”

“परदेशी आहे ना,” मी म्हणालो.

“परदेशी असो. सुनासुद्धा बाहेरून येतात. वळण आपण लावायचं असतं.”

झालं. तिथून सुरुवात झाली.

शेलची एक गंमत असते. तो जागा होताना आधी एक फाइल वाचतो. त्या फाइलीत आपण जे लिहू तसा तो वागतो. रंग म्हणाल तो रंग, हाका म्हणाल त्या हाका. जगभरचे जाणकार लोक तिच्यात लांबलचक आज्ञांना छोटी टोपणनावं देतात, वेळ वाचवतात आणि स्वस्थ बसतात. मी त्यांच्यासारखा जाणकार असतो तर एवढ्यावर थांबलो असतो. माझ्या पाठीशी गल्ली होती.

पहिला सल्ला आला अभिवादनाचा. शेल उघडला की त्याने आधी क्षेमकुशल विचारावं, हे सगळ्यांनाच पटलं. मी लिहिलं. मग कुणी म्हणालं, घरच्यांचंही विचारावं. तेही लिहिलं. परिणाम असा झाला की सभागृहाची एक तारीख बघायला शेल उघडावा तर तो माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी संपवेपर्यंत समोरचं गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जायचं.

दुसरा सल्ला रंगाचा. लाल रंग रागाचा, तो नको. आपल्या सोलोच्या बाटिकचा तपकिरी हवा, सौम्य, खानदानी. मी दिला. काळ्यावर तपकिरी. खानदानी इतका की दिसेचना. एक अख्खी सकाळ मी काय लिहितोय ते मला कळत नव्हतं, आणि उत्तर काय येतंय तेही नाही. खोटं कशाला सांगू, माझ्या नोकरीतली ती सर्वांत शांत सकाळ होती.

तिसरा सल्ला पाक मार्सुदींचाच. प्रत्येक उत्तरानंतर एक घंटानाद हवा, आपल्या वाद्यवृंदातल्या मोठ्या झांजेसारखा, म्हणजे बोलणं संपलं हे कळतं. तोही बसवला. दुसऱ्याच दिवशी बू तियुर आपल्या टेबलावरून उठून आल्या.

बू तियुर, म्हणजे तियुरबाई, सभागृहाच्या व्यवस्थापक. मूळच्या सुमात्रातल्या मेदानकडच्या, बाताक जमातीच्या. त्यांच्याकडे लोक डोंगराच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूशी बोलतात आणि आवाज तेवढाच ठेवून खोलीतही बोलतात.

“पाक विदग्दो! हे ऑफिस आहे की बाहुल्यांचा खेळ? दर मिनिटाला धाडकन काय वाजतंय?”

“शेल बोलणं संपवतोय, बू.”

“त्याला म्हणावं, मुकाट्याने संपव!”

मी झांज काढली. पण मनाला लागलं. माणसाने वयाच्या या टप्प्यावर कलेसाठी काही करावं आणि कुणी ‘मुकाट्याने’ म्हणावं! मी तीन दिवस त्यांच्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोललो. सोलोचा माणूस याहून कडक शिक्षा देऊ शकत नाही. त्यांना ती कळलीच नाही, हे आणखी दुःख.

मग पाक मार्सुदींच्या डोक्यात आलं की संगणक वॉर्डाचा, म्हणजे त्याच्या भाषेत बदल करायचा तर वॉर्ड कार्यालयाची संमती असलेली बरी. मी गेलो. तिथल्या कारकुनाने मला बसवलं, जाईच्या वासाचा गोड चहा दिला, सोयाबीनचं तळलेलं तेंपे दिलं, माझं म्हणणं मन लावून ऐकलं आणि पापण्या खाली करून म्हणाला, “हो हो, पाक. होईल की. अगदी जरूर.”

मी तिथल्या तिथे ओळखलं की हे काम या जन्मी होणार नाही. कसं ओळखलं? अहो, पापण्या! ‘हो’ कुणीही म्हणतो. खरं उत्तर असतं ते पापण्यांत, कपाच्या बशीवर फिरणाऱ्या बोटात, ‘हो’च्या आधीच्या छोट्याशा श्वासात. मी आभार मानले, त्याने माझे मानले, आणि दोघेही नकार नीट देऊन-घेऊन मोकळे झालो. पुन्हा त्या कार्यालयाची पायरी मी चढलो नाही. एवढी जाण असलेला माणूस मी. पुढे जे झालं ते ऐकताना हे ध्यानात ठेवा आणि माझ्यासाठी एक सुस्कारा टाका.

कारण संमतीची वाट न बघता मी मुख्य काम केलं. शेलकडे नकाराचे तीन प्रकार असतात. एक, ‘चूक झाली’. दुसरा, ‘असं काही नाहीच’. आणि तिसरा नुसताच ‘खोटं’. ‘खोटं’! वडीलधाऱ्या माणसाला! मी फाइलीत लिहिलं की या तिन्हींच्या जागी, सौम्य हिरव्या अक्षरांत, एकच उत्तर यावं: ‘होय पाक, तसंच होईल.’

काय सांगू तुम्हांला! मी काहीही लिहावं आणि त्याने ‘होय पाक’ म्हणावं. माझा रक्तदाब उतरला. चेहऱ्यावर तेज आलं. रेत्नोने शेजारणीला सांगितलं की यांना बढती मिळालेली दिसते. फक्त बू तियुर एकदा मागे उभ्या राहून बघत होत्या.

“आत्ता तुम्ही आज्ञा चुकीची लिहिलीत.”

“हो ना.”

“आणि तो ‘होय’ म्हणाला.”

“किती समजूतदार आहे बघा.”

“पाक, नाही म्हणता न येणारं यंत्र म्हणजे बिघडलेलं यंत्र. आमच्याकडे म्हशीलासुद्धा नाही म्हणता येतं.”

मी हसलो. म्हशींच्या प्रदेशातून आलेल्या माणसाशी काय वाद घालायचा?

याच सुमारास माझ्या एकुलत्या मुलीचं, लारसचं, लग्न ठरलं. मुलगा जहाजावर नोकरीला, सुट्टी मोजकी. त्याचे आजोबा एयांग प्राविरो (एयांग म्हणजे आमच्याकडे आजोबाच) जुन्या दरबारी वळणाचे गृहस्थ. त्यांनी दोघांचे जन्मवार घेतले, आमचा पाच दिवसांचा बाजार-आठवडा घेतला, बेरजा-वजाबाक्या केल्या आणि सांगितलं की या वर्षी एकच दिवस आहे. पुढचं वर्ष अशुभ. त्यापुढच्या वर्षी ते स्वतः असतील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती, आणि हे त्यांनी इतक्या नम्रपणे सांगितलं की आम्हीच ओशाळलो.

सभागृह माझ्याच हाताखालचं. वेबसाइटच्या दाराने जायला मी काय परका आहे? मी शेल उघडला, सासूबाईंच्या गुडघ्यांचं उत्तर दिलं आणि एका ओळीत लारसच्या नावे ती तारीख नोंदवली.

‘होय पाक, तसंच होईल.’

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एवढ्या मायेने वॉर्डाच्या संगणकाने कुणाच्या बापाला उत्तर दिलं असेल? मी बू तियुरना सांगितलं, तारीख आपली झाली. फोनवर कुणी विचारलं तर त्या खणखणीत आवाजात सांगत, “त्या दिवशी आमच्या पाक विदग्दोंच्या मुलीचं लग्न आहे!” पत्रिका छापल्या, वाटल्या, वाद्यवृंद सांगितला, नारळाच्या दुधातल्या भाताचा बेत ठरला.

लग्न तोंडावर आलं तेव्हा एक दिवस बू तियुर मंडपवाल्यासाठी त्या आठवड्याच्या नोंदी काढत होत्या. एकाएकी त्यांच्या टेबलावरून आवाज आला आणि बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले.

“पाक विदग्दो! तुमच्या लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पक्ष्यांच्या गायनाची स्पर्धा आहे!”

“कसं शक्य आहे, बू? माझी नोंद आहे.”

“दाखवा.”

मी शेलला विचारलं, लारसची नोंद आहे का?

‘होय पाक, तसंच होईल.’

“‘तसंच होईल’ म्हणजे? आहे की होईल?” बू तियुरनी मला खुर्चीसकट बाजूला सारलं, माझी ती फाइल दुसरीकडे हलवली आणि शेल नव्याने उघडला. क्षेमकुशल नाही, काही नाही. मग तीच नोंदणीची ओळ त्यांनी मला पुन्हा लिहायला लावली. लाल अक्षरं आली. आडनाव रिकामं आहे; नोंद होणार नाही.

आडनाव! वेबसाइट ज्याने कुणी बनवली तो आडनावांच्या देशातला असणार. आमच्याकडे अर्ध्या गावाला एकच नाव असतं. लारस म्हणजे लारस. गिऱ्हाइकं बिचारी बाहेरून नोंदणी करताना तेच नाव दोनदा लिहितात, आणि म्हणून आमच्या यादीत सगळी माणसं सुगियार्ती सुगियार्ती, पोनिमन पोनिमन अशी आहेत. ती यादी मी रोज बघतो. पण स्वतःच्या मुलीचं नाव लिहिताना बापाने एकदाच लिहिलं, प्रेमाने. शेलने पहिल्याच दिवशी ‘नाही’ म्हटलं होतं, आणि त्याच्या तोंडात ‘हो’ घालणारा मीच होतो.

मला सर्वांत जास्त कशाचं वाईट वाटलं सांगू? कारकुनाचं ‘हो’ मी एका श्वासात ओळखलं. आणि या ‘हो’वर पत्रिका छापून मोकळा झालो, कारण खिडकीला पापण्या नसतात.

“आता ही पक्ष्यांची स्पर्धा कोणाची?” मी क्षीण आवाजात विचारलं.

“तुमच्या गल्लीप्रमुखांची. मार्सुदी मार्सुदी.”

मी त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. डोक्यावर पिंजरे. चहा आला. आम्ही हवेबद्दल बोललो. मग पक्ष्यांच्या खाद्याबद्दल बोललो, मग परत हवेबद्दल. दुसरा चहा आला. शेवटी मी म्हणालो, “पाक, त्या तारखेला... लारसचं... म्हणजे योगायोग बघा...”

“हो हो,” ते म्हणाले. “वेबसाइटवर हॉल रिकामा दिसला. मला वाटलं, तुम्ही लग्न एखाद्या मोठ्या हॉटेलात करताय. विचारणं बरं दिसलं नसतं.”

“आणि पत्रिकेत हॉलचं नाव बघितलंत तेव्हा?”

“वाटलं, छपाईची चूक असेल. एवढ्या आनंदाच्या वेळी तुम्हांला चूक कशी दाखवायची?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. काय करणार, बरोबरच होतं.

“मादियुनपासून, सेमारांगपासून माणसं येणार आहेत पिंजरे घेऊन. नाही तर मी लगेच... पण हो, बघू या. सोय होईल. अगदी जरूर.”

आणि त्यांनी बशीवरून बोट फिरवलं.

घरी रेत्नो दारातच उभी होती. “काय म्हणाले?”

“हो म्हणाले.”

“कोणतं हो?”

मी चपला काढू लागलो. ती आत गेली आणि स्वयंपाकघरात भांडी वाजली. आमच्या घरात भांडी वाजण्याइतका वाईट दिवस त्याआधी आला नव्हता.

गावातले बाकीचे हॉल भरलेले. अंगण म्हणावं तर आमच्या अंगणात एक स्कूटर आणि एक पपईचं झाड, दोघांनाच जेमतेम जागा. उपाय एकच उरला: एयांग प्राविरोंना जाऊन खरं सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तोंडावर ‘नाही’ म्हणायचं. मी आरशासमोर सराव केला. पहिल्या दिवशी ओठ हलले. दुसऱ्या दिवशी आवाज निघाला, पण तो मलाच इतका उद्धट वाटला की मी आरशाची माफी मागितली. शेवटी बू तियुरनी माझी तालीम घेतली. “पोटातून! पोटातून म्हणा! नाही!” त्या एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेर हॉल बघायला आलेलं एक जोडपं परत गेलं.

एयांगांसमोर मी खाली बसलो. ते मंद हसत म्हणाले, “मग, व्याही, हॉलची तयारी उत्तम झाली असेल?”

मी श्वास घेतला. पोटातून म्हणालो, “नाही.”

एयांग माझ्याकडे बघत राहिले. मी डोळे मिटून पुढचंही म्हणून टाकलं. “काहीच तयारी नाही, एयांग. हॉल मिळालेला नाही. माझी चूक झाली. मी या कामाच्या लायकीचाच नाही.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी चमकलं. ते घरातल्या सगळ्यांकडे वळून म्हणाले, “ऐकलंत? याला म्हणतात घराणं! हल्लीचे मुलीचे बाप काय मिजास मारतात! हॉटेल काय, दिवे काय! आणि हे बघा. ‘तयारी नाही, लायकी नाही.’ माझे वडील असेच बोलायचे.”

“एयांग, खरंच नाही—”

“अगदी असंच!” ते म्हणाले. “दुसऱ्यांदाही असंच म्हणायचे!”

मी तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्यांनी मला मिठी मारली.

लग्नाचा दिवस उजाडला. आम्ही काय ठरवलं होतं? काहीच नाही. रेत्नोने लारसला नटवलं, वाद्यवाले वेळेवर आले, कारण त्यांना नको म्हणायला कुणी गेलं नव्हतं, आणि आम्ही वरात काढून हॉलकडे चालू लागलो. जसं काही हॉल आमची वाट बघतोय. निराशेचीही एक पातळी असते. तिच्याखाली गेलं की माणूस चांगला कुर्ता घालून निमूट चालू लागतो.

हॉलमध्ये शेकडो पिंजरे टांगलेले. पंच हातात झेंडे घेऊन पिंजऱ्यांखालून फिरतायत. पक्ष्यांचे मालक बाहेरून शिट्ट्या मारतायत, टाळ्या वाजवतायत, आपापल्या शामाला चेव आणतायत. या गदारोळात आम्ही शिरलो. नवरी, नवरदेव, एयांग, पंखेवाल्या मुली, मागे सनई नाही पण त्याहून गंभीर वाद्यं.

मार्सुदींनी आम्हांला पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण दारात आलेल्या नवरीला ‘नाही’ म्हणेल असा माणूस सोलोत जन्मायचाय. त्यांनी दोन्ही हात जोडले, अंगठा पुढे करून वाट दाखवली आणि म्हणाले, “यावं, यावं. आपलीच वाट बघत होतो.”

पंच बाजूला झाले. बक्षिसांच्या व्यासपीठावर नवरा-नवरी बसली. मालकांनी शिट्ट्या मारणं थांबवलं नाही, कारण फेरी चालू होती. आणि आमच्या वाद्यांनी वाजणं थांबवलं नाही, कारण विधी चालू होता. मौलवींनी काय म्हटलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. कबुली तर एका पक्ष्याने नवरदेवाच्या आधी दिली. गेल्या वर्षीचा विजेता शामा मोठ्या झांजेच्या पहिल्या ठोक्याला जो गप्प झाला तो झालाच. त्याचा मादियुनचा मालक भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, “अभिनंदन, पाक. फार छान सोहळा.” आणि त्याच्या पापण्या खाली होत्या.

दिवसभर मला कुणीही काही बोललं नाही. सगळे ‘छान, छान’ म्हणाले. मी पापण्या बघत फिरत होतो. एयांग प्राविरो तेवढे मान वर करून तृप्त नजरेने बसले होते. “शेकडो गाते पक्षी!” ते शेजारच्याला सांगत होते. “आणि मला काय म्हणाले माहितेय? काहीच तयारी नाही!”

भेटीची रांग ओसरली तेव्हा मी व्यासपीठावर लारसशेजारी टेकलो. तिच्या जरीच्या खांद्यावर एका स्पर्धकाने आपला अभिप्राय नोंदवला होता. मी रुमालाने पुसला.

“बाळ,” मी म्हणालो, “मला तुला एक सांगायचंय. हे सगळं मी ठरवून केलेलं नाही. हॉल आपल्याला मिळालाच नव्हता.”

“ठाऊक आहे, बापाक.”

“ठाऊक आहे? कधीपासून?”

“तुम्ही नोंदवलं त्याच संध्याकाळी मी वेबसाइट बघितली. तारीख रिकामीच होती. मग रोज बघायचे. एक दिवस तिथे पक्षी दिसले.”

“मग अगं, बोलली का नाहीस?”

लारसने पापण्या खाली केल्या. “तुम्ही इतके खुश होता, बापाक. तुम्हांला नाही कसं म्हणायचं?”

एवढ्यात सेमारांगचा कुणी पिंजरा हातात घेऊन अभिनंदनाला आला. ती उठली, छातीशी हात जोडले आणि गोड हसली. मुलीवर मी उत्तम संस्कार केलेत, याबद्दल आता कुणालाच शंका घेता येणार नाही. मी बसायला दुसरी खुर्ची शोधू लागलो. सगळ्या खुर्च्यांवर पिंजरे होते.